तांब्याला मिळालेली मोकळीक

सोन्याच्या दिनारावरील मनुष्याकृती काढून तेथे निव्वळ अरबी अक्षरे कोरण्याचा प्रघात उमय्या खलिफा अब्द अल्-मलिक याने हिजरी सन ७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९६-९७ च्या सुमारास, पाडला आणि चांदीच्या दिरहमानेही लवकरच तोच मार्ग धरला. तांब्याच्या फल्साने मात्र चित्रांचा संग इतक्या सहजासहजी सोडला नाही.

हे तांब्याचे चलन मुळात उसनेच होते. सिरिया हस्तगत झाल्यावर तेथे प्रथम बायझंटाइन फॉलिसच्याच नकला पाडल्या जाऊ लागल्या. फल्स हे नावही त्या फॉलिसचेच अपत्य असून, आखातात नोकरीस गेलेल्या मराठी माणसाच्या खिशातील फिल्स हे त्याच कुळातले. हिम्स येथील टाकसाळीने तर नाण्याच्या खरेपणाची हमी ग्रीकमध्ये ‘कालोन’ आणि अरबीत ‘तय्यिब’, म्हणजे दोन्हीकडून ‘चांगले’ अशी देऊन, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही गिऱ्हाइकांची समजूत घातली. पुढे तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा असलेला खलिफा नाण्यावर अवतरला आणि मागील बाजूस, पायऱ्यांवरील क्रूसाची आडवी दांडी जाऊन, नुसता खांब उरला. धर्मांतर असे एका दांडीने साधावे, हे मला मोठे मौजेचे वाटते.

मग सुधारणेनंतरही तांब्यावर चित्रे का टिकली? खजिन्याचे हिशेब आणि सैन्याचा पगार सोन्याचांदीत चाले, म्हणून त्यांचे वजन, कस व मजकूर यांवर दरबाराची करडी नजर असे. फल्स पडला बाजारातला सुटा पैसा, गावाबाहेर फारशी पत नसलेला, तेव्हा त्याचे रूप ठरविण्याचे काम बहुतांशी सुभ्याच्या अंमलदारावर आणि टाकसाळीवरच राहिले. म्हणूनच हिम्सच्या फल्सांवर कधी हत्ती डुलतो, तर कधी लांब मागल्या पायांवर उड्या मारणारा वाळवंटी उंदीर, जर्बोआ, दिसतो. अन्यत्र खजुरीचे झाड आढळते. शाही दिनाराची निर्दोष अक्षरे पाहावीत आणि आदराने बाजूस ठेवावीत. त्या उंदरापाशी मात्र दृष्टी रेंगाळते.

हातोड्याने घाईघाईत ठोकल्यामुळे ठसा पुष्कळदा तांब्याच्या चकतीवर नीट बसत नसे आणि टाकसाळीचे नाव काठाबाहेर निसटे. अशा नाण्याचे गाव ओळखण्यास अभ्यासकाला उंदरासारख्या चित्राचाच आधार घ्यावा लागतो.