खोगीर आणि घोड्याची पाठ

मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंतीच्या सुमारास तापी नदीच्या काठी सारंगखेडा येथे मोठी यात्रा भरते. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून ते नंदुरबारात मोडते. एकमुखी दत्ताच्या दर्शनासाठी धुळे, जळगाव आणि आसपासच्या मुलखातून भाविकांची रीघ लागते. परंतु या यात्रेची कीर्ती दूरवर पसरली आहे ती तेथील घोड्यांच्या बाजारामुळे. राजस्थान, गुजरात, पंजाब अशा लांबलांबच्या प्रांतांतून व्यापारी आपले घोडे घेऊन येथे उतरतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे पाहण्यासाठी नुसत्या बघ्यांचीही दाटी होते.

घोडा विकत घेणारा मनुष्य काय पाहतो? कोणी रंग पाहतो. कोणी चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शोधतो. कोणी अंगावरील केसांचे भोवरे तपासतो आणि देवमण असेल तर शुभ मानतो. भोवऱ्यांमुळे घोडा चांगला चालतो किंवा वाईट चालतो, असे मात्र नाही. जाणता खरेदीदार या गोष्टींत फार वेळ घालवीत नाही. घोडा कितीही नटवलेला असो, तो मालकास म्हणतो, “आधी खोगीर उतरवा.”

खोगीर उतरले की घोड्याची खरी हकिकत समजते. एखाद्या काळ्याभोर किंवा तांबूस घोड्याच्या पाठीवर, नेमकी खोगिराच्या जागी, पांढऱ्या केसांची चकंदळे दिसतात. त्यांतील काही जन्मखुणा असू शकतात. परंतु पुष्कळदा ती जुन्या जाचाची खूण असते. खोगीर एकाच ठिकाणी वारंवार रुतले की तेथील कातडीचा रक्तपुरवठा खुंटतो, केसांच्या मुळांना इजा होते आणि पुढे तेथे येणारे केस पांढरे येतात. जखम बरी होते, पण तिची खूण आयुष्यभर राहते. घोड्यास बोलता आले नाही, तरी पाठीवर त्याची तक्रार अशी लिहिलेली असते.

ही इजा का होते, हे समजण्यासाठी घोड्याच्या पाठीची रचना पाहिली पाहिजे. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एक हाडांचा उंचवटा असतो. तेथून मागे पाठीचा कणा जातो. कण्याच्या माथ्यावर मांस फार थोडे. हाताने चाचपले तर हाडाची टोके बोटांस लागतात. कण्याच्या दोन्ही बाजूंस मात्र जाड स्नायूंचे पट्टे असून त्यांच्याखाली बरगड्यांचा भक्कम पिंजरा असतो. घोड्यास बहुधा बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. ओझे पेलावयाचे ते या पिंजऱ्यावर, स्नायूंच्या गादीवर. कण्यावर ओझे टाकणे म्हणजे माणसाच्या नडगीवर पाटा ठेवण्यासारखे होय. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेचा भाग येतो. त्यास खालून बरगड्यांचा आधार नाही. म्हणून खोगीर तेथपर्यंत पोहोचता कामा नये. तसेच पुढे खांद्याचे फरे पाय टाकताना मागेपुढे सरकतात. त्यांवरही खोगीर बसता कामा नये. एवढ्या मोठ्या जनावराच्या पाठीवर ओझ्यासाठी योग्य अशी जागा खरोखर बेताचीच आहे!

चांगल्या खोगिराच्या पोटात एक सांगाडा असतो. तो जुन्या काळापासून लाकडाचा करीत आले आहेत. त्याच्या दोन पट्ट्या कण्याच्या दोन बाजूंस टेकतात आणि पुढची व मागची कमान त्यांना जोडते. त्यामुळे मधोमध एक मोकळी वाट राहते व कण्यास खोगिराचा स्पर्शही होत नाही. सांगाड्यावर कातडे मढवितात, आणि खालच्या बाजूस लोकर, केस अथवा तत्सम मऊ पदार्थ भरून गादी करतात. हीच खोगीरभरती. बोलण्यात किंवा लिहिण्यात निरर्थक मजकूर घुसडला म्हणजे आपण त्यास खोगीरभरती म्हणतो. पण खऱ्या खोगिरातील भरतीवर मात्र हा मोठा अन्याय आहे. ती सारखी आणि मऊ असेल तरच घोड्यास सुख लाभते. तिच्यात एक गुठळी झाली, तरी मैल दोन मैलांत घोडा हैराण होतो.

डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. हंड्याचे वजन चुंबळीने कमी होत नाही. ते अधिक जागेवर पसरते, म्हणून डोक्यास टोचत नाही. खोगिराचे कामही हेच. स्वार आणि खोगीर यांचे मिळून वजन ६० किलोग्रॅम आहे आणि ते १,२०० चौरस सेंटिमीटर जागेवर सारखे पसरले आहे, असे धरू. मग दर चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम भार येतो. परंतु खोगीर पाठीच्या आकाराचे नसल्यामुळे तेच वजन केवळ २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम, म्हणजे सहापट भार येईल. स्वार तोच, घोडा तोच. केवळ टेकण्याची जागा घटली.

खोगीर अरुंद असेल तर ते उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस चिमट्याप्रमाणे आवळते. फार रुंद असेल तर खाली बसते आणि पुढची कमान थेट हाडावर आदळते. स्वार वर बसल्यानंतरही कमान आणि उंचवटा यांच्यामध्ये दोनतीन बोटे सहज गेली पाहिजेत, अशी साधी परीक्षा आहे. अरुंद खोगीर जाचते म्हणून त्याखाली आणखी एक घडी घालणारे लोक आढळतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण बूट घट्ट होतो म्हणून त्यात दोन मोजे घालण्यासारखा हा उपाय आहे. पोटाखालून आवळावयाचा तंगही बेताने आवळला पाहिजे. सैल राहिला तर खोगीर कलंडते. अति आवळला तर श्वास कोंडतो. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात! म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा तपासण्याची चाल आहे.

खोगीर घोड्यास जुळले, तरी ते स्वारासही जुळावे लागते. खोगिराची बैठक मागे उतरती असेल, तर स्वार मागे घसरतो, त्याचे पाय पुढे जातात, आणि तोल सावरण्यासाठी तो लगामास लोंबकळतो. मग पाठीतील दोषाची शिक्षा घोड्याच्या तोंडास होते. बैठक पुढे उतरती असेल, तर स्वार उंचवट्याकडे ढकलला जातो. बैठकीचा सर्वांत खोल भाग मधोमध असला म्हणजे स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात. पुढूनमागून ओढल्यावाचून तो आपसूक तोलात राहतो. इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी ग्रीकांजवळ सांगाड्याचे खोगीर नव्हते आणि रिकिबीही नव्हत्या. तरीदेखील स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, पाय फाकून सरळ उभे राहिल्यासारखे बसावे, असे त्याने सांगून ठेवले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही या सल्ल्यात काही बदल करावा लागलेला नाही.

तोल डाव्याउजव्या बाजूंसही राखावा लागतो. जत्रेत बाप मुलास खांद्यावर घेतो, तेव्हा मूल एका अंगाला झुकले की बापास त्याच अंगाला पाऊल टाकावे लागते. घोड्याचेही तसेच होते. एक रिकीब आखूड व दुसरी लांब असली, तर स्वार नकळत एकीकडे कलतो, खोगीर वळते आणि घोड्याच्या एका बाजूच्या स्नायूंवर अधिक ताण येतो. दुडक्या चालीत घोडा एक पुढचा पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय एकदम टाकतो, त्यामुळे स्वारास सारखे हिसके बसतात. त्या हिसक्यांच्या तालावर किंचित उठणारा स्वार स्वतःही वाचतो आणि घोड्यासही वाचवितो; जो पोत्यासारखा आदळत राहतो, तो दोघांचेही हाल करतो. सारंगखेड्यात रेवाल चालीच्या घोड्यांस मोठी मागणी असते, ती याचमुळे. त्या चालीत स्वार फारसा हिंदकळत नाही.

मराठ्यांच्या घोडदळास या गोष्टींचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नाही. १७२७–२८ साली पहिल्या बाजीरावाचे सैन्य खानदेश, गुजरात असा लांबचा पल्ला झपाट्याने तोडीत फिरले आणि शेवटी पालखेडजवळ निजामाची कोंडी झाली. अशा मोहिमेत घोड्याच्या पाठीस पडलेली जखम म्हणजे एक स्वार कमी. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. तो घोडा जायबंदी झाला तर शिलेदाराची रोजीच अडचणीत येई.

एकदा जुळलेले खोगीर कायमचे जुळत नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पावसाळ्यानंतर हिरवा चारा मिळून घोडा अंगाने भरतो. चैत्र-वैशाखात, खानदेशच्या कडक उन्हात चारा तुटला की तो रोडावतो. कार्तिकात बरोबर बसणारे खोगीर वैशाखात हाडावर टेकू शकते. म्हणून मजल संपल्यावर जाणता स्वार आधी तंग सैल करतो आणि थोड्या वेळाने खोगीर काढतो. मग तो घामाची नक्षी पाहतो. कण्यावरील पट्टा कोरडा आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या असतील, तर सर्व ठीक. ओल्या भागात मध्येच एखादे कोरडे चकंदळ असेल, तर तेथे खोगीर टेकलेच नाही किंवा फार जोराने रुतले. दोहोंपैकी काय घडले, हे ओळखण्यासाठी तो तेथे बोटांनी हलके दाबतो. घोड्याने अंग चोरले, कान मागे पाडले, की दुसऱ्या दिवशी घोड्यास विश्रांती, आणि खोगीर भरती उकलण्यासाठी कारागिराकडे.