आपटा की कांचन? उद्यानातील पाट्यांचा प्रश्न

नांदेडचे विसावा उद्यान असो वा लातूरचे नाना-नानी पार्क, झाडांना नावाच्या पाट्या हव्यात की नकोत, याचे उत्तर दसऱ्याला मिळते. कारण आपटा समजून अनेकदा कांचनच ओरबाडला जातो.

दोन्ही बौहिनिया प्रजातीतील, म्हणजे निकटच्या जातींच्या एकाच गटातील. परंतु आपट्याचे पान लहान, जाडसर व लांबीपेक्षा रुंद असते, तर कांचनाचे पान बरेच मोठे असते.

पाटीवर मराठी नावासोबत लिनियसने १७५३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीचे द्विपदी, म्हणजे प्रजाती व जाती दर्शविणारे, शास्त्रीय नाव असावे; नुसता क्यूआर कोड ही पळवाटच. पाटी खोडावर ठोकू नये, कारण खिळ्याने सालीखालील अन्नवाहक ऊतींना इजा होते. ती जमिनीत रोवावी.

अनोळखी झाडाविषयी विचारताना वाचकांनी पान, फूल व साल यांची छायाचित्रे जोडावीत.