उपवासाची खिचडी आणि निगरगट्ट जंतू

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीला भाविकांचा लोट येतो. कित्येक जण आदल्या रात्रीच पायी निघतात. उपवासामुळे आधार असतो तो साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी आणि बटाट्याची भाजी यांचाच. साबुदाणाही मुळात कंदाचाच. तामिळनाडूत सेलमच्या परिसरात होणाऱ्या टॅपिओकाच्या पिठापासून तो बनतो.

कंद मातीत वाढतो आणि मातीत जंतूंची वस्ती असते. त्यांपैकी ‘बॅसिलस सिरियस’ मोठा चिवट. शिजवताना इतर जंतू मरतात, पण याचे कवचबंद बीजाणू तग धरतात. कढई विस्तवावरून उतरली, खिचडी फडक्याखाली कोमट राहिली, की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलटी घडवणारे विष खिचडी पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिवाय पेनिसिलिनचे तुकडे करणारे रसायन हा जंतू स्वतःच बनवतो!

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, एखादी कॅप्सूल द्या.’ पण आधीच तयार झालेल्या विषावर प्रतिजैविक काय करणार? ते पोटातल्या निरुपद्रवी जंतूंना मात्र मारते. त्यातून वाचतात ते निगरगट्ट. काही जंतू तर औषधाला दाद न देण्याचा हा गुण शेजाऱ्यांनाही देतात. पुढे खरोखरीचा न्यूमोनिया किंवा बाळंतरोग झाला, की नेमके तेव्हाच औषध लागू पडत नाही.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता. आपल्याकडे मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराला सक्तीची झाली. तरीही दोन गोळ्या सुट्या मागणारे हात थांबलेले नाहीत.

उपाय साधे आहेत. कंद नीट धुवावेत, हात साबणाने धुवावेत. खिचडी थोडी थोडी करावी, गरम खावी, दोन तासांहून अधिक कोमट ठेवू नये. उलट्या झाल्यास जलसंजीवनी घोट घोट द्यावी. शौचातून रक्त पडले, ताप चढला, रुग्ण तान्हा किंवा वृद्ध असला, तर विनाविलंब दवाखाना गाठावा. कॅप्सूल द्यायची की नाही, हे तिथे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

उपवासाला संयम लागतो. तोच थोडा औषधाच्या दुकानासमोरही पाळला, तर आपल्या मुलाबाळांसाठी औषधे कामाची उरतील.