नळाभोवतीचे काळे डाग

पावसाळ्यात न्हाणीघरातील नळाभोवती भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटलेले तुम्ही पाहिले असतील. ती बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेतून सर्वत्र तरंगत असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे अशक्य. साबणाचा मळ हे त्यांचे अन्न. परंतु ओलावा नसेल तर ते रुजत नाहीत. म्हणून लढाई करायची ती ओलाव्याशी!

हा ओलावा येतो कोठून? एक प्रयोग करून पाहा. उभी नळी कोरड्या फडक्याने पुसा. टीपकागदाची एक पट्टी सांध्यावर व दुसरी वीतभर वर गुंडाळा. तासाभराने सांध्यावरचीच पट्टी भिजली असेल, तर सांधा गळतो आहे. दोन्ही ओलसर झाल्या, तर नळीला 'घाम' आला आहे! ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. २० अंशांची केवळ १७ ग्रॅम. थंड नळीला लागून निवालेली दमट हवा जादा बाष्प तेथेच थेंबांच्या रूपात सोडते.

गळती असेल तर सांधा दुरुस्त करून घ्या. घाम असेल तर नळीवर उष्णतारोधक वेष्टन हवे. आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवा. डाग साबणाच्या पाण्याने घासा व भिंत कोरडी करा. मात्र ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

डागावर नुसता रंग फासून भागत नाही. ओल राहिली की बुरशी परत येते, आणि घरातील दमेकऱ्याला तिचा त्रास होतो.