आधी पोचतो तो चालता जखमी

बॉम्बस्फोटानंतर इस्पितळात आधी पोचतो तो ज्याला कमी लागलंय तो. मिळेल त्या रिक्षात बसतो आणि कॅज्युअल्टीतली पहिली खाट अडवतो. अत्यवस्थ माणूस मागून येतो. मुंबईतल्या एका पालिका इस्पितळात अशा प्रसंगाची रंगीत तालीम पाहिली, तिची सगळी धडपड हा क्रम उलटवण्याची होती.

११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले, सातशेहून जास्त माणसं जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचललं. अशा वेळी कोणाला कुठे न्यायचं हे वरून कोण ठरवणार? निवड दारातच करावी लागते.

म्हणून तालमीत पोर्चमध्ये सगळ्यात अनुभवी सर्जन उभे. उपचार करायचे नाहीत, फक्त मनगटाला पट्टी बांधायची: तातडीच्याला लाल, थोडा थांबू शकेल त्याला पिवळी, किरकोळ जखमीला हिरवी, वाचण्याची आशा नसलेल्याला काळी. चालतोय का, श्वास, नाडी, सांगितलेलं कळतं का. माणशी अर्धा मिनिट. जखमीचं सोंग घेतलेल्या एका विद्यार्थ्याच्या कानांत कापसाचे बोळे होते. निवासी डॉक्टर ‘मूठ आवळ’ म्हणून ओरडत राहिला. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "अहो डॉक्टर, पडदे फाटलेत त्याचे. करून दाखवा की!" त्याने स्वतःची मूठ आवळली, पोराने लगेच आवळली. पिवळी पट्टी.

काळ्या पट्टीपाशी दुसरा एक निवासी छाती दाबायला बसला. सर्जन सरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. एकच पेशंट असता तर हेच सर अर्धा तास दाबत बसले असते.

हिरव्या पट्टीवाल्यांना ओपीडीच्या हॉलमध्ये बसवलं, पण घरी सोडलं नाही. धक्क्याच्या लाटेने फुप्फुसाला झालेली इजा कधीकधी काही तासांनी दिसते. त्यामुळे श्वास मोजणं चालूच. वर वॉर्डात सोडता येण्याजोगे पेशंट हलवून खाटा मोकळ्या केल्या, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. बेशुद्धांच्या केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष १’, ‘२’. कपडे पिशवीत, पोलिसांसाठी.

तालमीत नातेवाईक मात्र कोणीच नव्हते. माझ्या मते खरी कसोटी त्यांच्या गर्दीचीच. नंतरच्या बैठकीत ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनीच विषय काढला, "साहेब, आम्ही सगळे ट्रॉलीवर. गेटवर कोण?" आरएमओंनी (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) वहीत लिहून घेतलं: गेटवर दोन सुरक्षारक्षक, नावांचा फळा गेटबाहेर.