किलोभर सुगंधी तेल घ्यायच्या आधी

मागच्या एपिसोडमध्ये आपण घरी कोल्ड प्रोसेसने साबण केला आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न परत परत आला: "ताई, इसेन्शियल ऑइल होलसेलमध्ये कुठून घेऊ?" सांगते. पण आधी किती घ्यायचं आणि कसं तपासायचं ते बोलू, कारण माझे पैसे तिथेच बुडालेत.

मावसबहिणीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला 120 वड्या करायच्या होत्या, सगळ्या लॅव्हेंडरच्या. मावशीने आगाऊ पैसे दिले आणि मी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसलेलं एक किलो तेल मागवलं. बाटलीवर 'शंभर टक्के प्युअर', झाकण उघडल्यावर वासही मस्त. साबण ओतला, कापला, वाळायला ठेवला. तिसऱ्या आठवड्यात मावशी वडी नाकाला लावून म्हणाली, "अगं, याला वासच येत नाहीये." लग्न दहा दिवसांवर. नवीन साबण वाळायला चार आठवडे तरी लागतात, त्यामुळे दुसरा घाणा काढायचा प्रश्नच नव्हता. त्या बिनवासाच्या वड्याच छान कागदात गुंडाळून दिल्या. कोणी काही बोललं नाही, पण मला अजून आठवलं की कसंतरी होतं.

आता पहिली गंमत बघा, मुळात किलोभर तेल लागणारच नव्हतं. साबणात इसेन्शियल ऑइल हे मूळ तेलांच्या, म्हणजे खोबरेल, एरंडेल वगैरेच्या वजनाच्या साधारण 2 ते 3 टक्के घालतात. 100 ग्रॅमच्या दहा वड्यांना 700 ग्रॅमच्या आसपास मूळ तेलं लागतात, म्हणजे सुगंधी तेल फार तर 21 ग्रॅम. 120 वड्यांना झालं अडीचशे ग्रॅम. एका किलोत साडेचारशेपेक्षा जास्त वड्या होतात! घरी करणाऱ्यासाठी 'बल्क' म्हणजे 250 किंवा 500 ग्रॅम, बास. आणि लवंग, दालचिनी, गवती चहा यांना तर 3 टक्केही जास्त होतात, त्वचेची आग होऊ शकते. पुरवठादाराकडे त्या तेलाचं इफ्रा प्रमाणपत्र मागा. त्यात धुऊन टाकायच्या वस्तूंसाठी किती टक्के चालेल ते लिहिलेलं असतं.

बरं, माझ्या तेलात काय होतं? लग्नानंतर रागाने मी एक साधी गोष्ट केली. मेडिकलमधून सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज आणली, तेल मोजून घेतलं आणि दागिने मोजायच्या छोट्या काट्यावर ठेवलं. खऱ्या लॅव्हेंडरचं 10 मिली साधारण 8.8 ग्रॅम भरतं. माझं भरलं 10 ग्रॅम. सुगंधी तेलं पातळ करायला डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट, सर्रास वापरतात. त्याला जवळजवळ वास नसतो, रंग नसतो, पण ते पाण्यापेक्षा जड असतं, 10 मिलीला 11.2 ग्रॅम. मधला आकडा आला म्हणजे हिशेब सरळ आहे: निम्मं डीईपी असणार. लॅव्हेंडर कॉस्टिकमध्ये थोडं मंदावतंच, त्यात निम्मंच घातलेलं, मग राहणार काय!

ही चाचणी प्रत्येक तेलाला त्याच्या आकड्याने करायची. गवती चहा 8.8 ते 9 ग्रॅम, निलगिरी 9.1 ते 9.2. लवंगेचं मात्र खरंच पाण्यापेक्षा जड, 10.4 ते 10.6, त्याला उगाच खोटं ठरवू नका. कोणी खनिज तेल मिसळलं तर वजनात पकडता येत नाही, कारण ते हलकंच असतं. तिथे कागद. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, दिवसभर ठेवा. लॅव्हेंडर, निलगिरी उडून जातात. तुपकट डाग राहिला तर शंका घ्या. वाळा, पॅचुली, चंदन मात्र जड असल्यामुळे मुळातच डाग ठेवतात.

आणि कृत्रिम रसायनांनी बनवलेला 'लॅव्हेंडर' या दोन्ही चाचण्यांतून आरामात सुटतो. त्याच्यासाठी जीसी-एमएस रिपोर्ट मागायचा, आणि त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. नुसता वेबसाइटवर लावलेला जुना रिपोर्ट काही कामाचा नाही. गवती चहात सिट्रल 70 टक्क्यांच्या वर दिसायला हवं. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर पुढे जाऊच नका. आणि स्ट्रॉबेरी किंवा हिरव्या सफरचंदाचं इसेन्शियल ऑइल नसतंच, तो सेंट असतो. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. दोनशे रुपयांच्या बाटलीत काय असेल, तुम्हीच ठरवा.

आता 'कुठून'. कन्नौजला अत्तराबरोबर इसेन्शियल ऑइलचे जुने व्यापारी आहेत, आणि तिथेच एफएफडीसी हे सरकारी केंद्र आहे, जे फी घेऊन तेल तपासून देतं. पुदिन्याचं तेल उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी भागातून येतं, निलगिरी ऊटीकडून, आणि देशी लॅव्हेंडर जम्मूतल्या भदरवाहहून. आपल्या महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी जिरॅनियम लावलंय. स्वतः तेल काढणारा शेतकरी मिळाला तर त्याच्याकडून घ्या, जिरॅनियमचा वास साबणात छान टिकतो. गवती चहा, पॅचुली, वाळा हेही टिकतात. संत्र्याचं तेल लवकर उडतं. आणि लवंगेच्या तेलाने मिश्रण भांड्यातच दगड होऊन बसतं, हे मी एकदा भोगलंय.

भाव विचारताना 'किलोचा की लिटरचा' हे विचारा. गवती चहाचं एक लिटर म्हणजे साधारण 890 ग्रॅम, त्यामुळे लिटरचा भाव स्वस्त वाटतो, नसतो.

माझी आताची पद्धत अशी: आधी 30 ते 50 मिलीचं सॅम्पल मागवते, वजन आणि कागद करते, मग पाच-सहा वड्यांचा छोटा घाणा काढून पूर्ण चार आठवडे थांबते. वास राहिला तर त्याच बॅचचं 500 ग्रॅम सांगते, आणि आलं की सॅम्पलच्या उरलेल्या थेंबांशी वास जुळवते. मग लगेच 100 मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून अंधारात ठेवते. साध्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवू नका, लवंग आणि संत्र्याची तेलं प्लास्टिक खातात.

त्या लॅव्हेंडरची उरलेली बाटली अजून आहे. कपड्यांच्या कपाटात कापसावर टाकते, तिथे बरं चालतं.