सूक्ष्मनियंत्रक प्रोग्रॅमर

संगणकावर तयार केलेली आज्ञावली सूक्ष्मनियंत्रकाच्या (मायक्रोकंट्रोलरच्या) स्मृतीत भरणाऱ्या उपकरणास प्रोग्रॅमर म्हणतात. आज्ञावलीवाचून ही चिप निरुपयोगी असते. म्हणून घरगुती प्रयोगासाठी चिप निवडतानाच तिच्या प्रोग्रॅमरचा खर्चही विचारात घ्यावा लागतो.

इंटेल कंपनीच्या ८०५१ (१९८०) कुलातील ८७५१ या चिपेची स्मृती पुसण्यास जंबुपार किरणांचा दिवा लागे. एटी८९सी५१ मधील फ्लॅश स्मृतीमुळे दिव्याची गरज संपली, तरी चिप मंडलातून काढून प्रोग्रॅमरमध्ये बसवावी लागे. एटी८९एस५२ व एव्हीआर या चिपा मंडलात असतानाच सहा तारांनी भरता येतात. त्यासाठी संगणकाच्या समांतर द्वाराला काही रोध जोडून केलेला प्रोग्रॅमर सर्वांत स्वस्त असे. आता संगणकांवर ते द्वार नसते आणि मुद्रकासाठी मिळणाऱ्या यूएसबी केबलीने त्याचे काम होत नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील अशा आकृत्यांवर पैसे घालवू नयेत.

एव्हीआर चिपांसाठी टोमास फिशल यांनी एटीमेगा८ वर आधारलेला यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर रचला. त्याची रचना खुली असल्याने तो अनेक उत्पादकांकडून अल्प किंमतीत मिळतो. आर्डुइनो (इटली, २००५) मंडलातील चिपेत बूटलोडर आधीच भरलेला असल्याने वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही. शिवाय तेच मंडल दुसऱ्या एव्हीआर चिपेसाठी प्रोग्रॅमर म्हणून वापरता येते. ज्याच्याजवळ ते आहे त्याने प्रथम हाच मार्ग पाहावा. यूपीडीआय या एकतारी पद्धतीच्या नव्या एव्हीआर चिपांना मात्र यूएसबीएएसपी चालत नाही.

शिरपूर (जि. धुळे) सारख्या, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असलेल्या पण सुटे भाग बहुधा बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या गावी चिप वाया जाणे महाग पडते. वस्तुतः ‘मेलेली’ वाटणारी चिप पुष्कळदा चांगली असते. कोरी एटीमेगा३२८पी १ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालते व प्रोग्रॅमरची कंप्रता तिच्या एक-चतुर्थांशाहून कमी, म्हणजे २५० किलोहर्ट्‌झच्या आत असावी लागते. यूएसबीएएसपीची नेहमीची ३७५ किलोहर्ट्‌झ कंप्रता येथे अधिक ठरते. मंदगतीचा जंपर जोडला की चिप प्रतिसाद देते. फ्यूज बिटांनी बाह्य स्फटिक निवडला गेला असेल, तर स्फटिक जोडताच ती पूर्ववत् होते. रीसेट पिन बंद करणारे बिट मात्र लावू नये. आठ पिनांच्या एटीटायनी८५ मध्ये एक पिन वाढविण्यासाठी तो मोह होतो. परंतु मग १२ व्होल्ट दाब देणारा प्रोग्रॅमरच लागतो आणि तो यूएसबीएएसपी देऊ शकत नाही.